लोणावळा यार्डातली अरब-इस्रायल लढाई

"दोघांपैकी एकाचं नाव द्या. बदली दौंडला. सोमवारपर्यंत कळवा," साहेब फोनवर म्हणाले.

"साहेब, दोघंही कामाला चोख आहेत."

"असतील. प्लॅटफॉर्मवर पॅसेंजरांसमोर भांडले. तुमच्या यार्डात अरब-इस्रायल लढाई चालू आहे म्हणे! आपल्याकडे भांडणं कमी पडली का?"

सदुसष्ट सालचा जून. मी लोणावळ्याला ट्रेन एक्झामिनर होतो. मुंबईकडे घाट उतरणारी गाडी इथे थांबायची, तिचे ब्रेक तपासले जायचे आणि माझी सही झाल्याशिवाय ती हलायची नाही. दोन फिटर गाडीच्या दोन बाजूंनी चालत जात, एकेक चाक बघत. दोघांनी "ठीक" म्हटलं की मी सही करायचो. एकानं मान हलवली नाही तर गाडी उभी, मग आत मंत्री बसलेला का असेना.

सॅमसन पेणकर आणि हुसेन मुजावर ही माझी सगळ्यात जुनी जोडी. पेणकर बेने इस्रायल, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवलेले आपले मराठी ज्यू. त्याचा धाकटा भाऊ इस्रायलला जाऊन शेती करत होता. शुक्रवारी दुपारी मुजावर नमाजाला जायचा, तेव्हा त्याचं काम पेणकर बघायचा. शनिवार हा ज्यूंचा देवाचा दिवस, पेणकरच्या घरी चूलही पेटत नसे, म्हणून त्या दिवशीची त्याची ड्यूटी मुजावर करायचा. रोस्टरवर यातलं काही नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

आणि तिकडे अरब-इस्रायल लढाई पेटली. ती थांबल्यावर पेणकर रेडिओ ऐकून प्लॅटफॉर्मवर आला आणि छाती फुगवून म्हणाला, "आमच्यांनी सहा दिवसांत निकाल लावला!"

"आमच्यांनी?" मुजावर उसळला. "तू पेणचा की तिकडचा? आणि ज्यांची घरंदारं गेली ते पॅलेस्टाइनचे लोक कुणाचे रे?"

"माझ्या भावाच्या शेतावर तोफा डागतात, ते कुणाचे?"

त्या दिवसापासून बोलणं बंद. "उजवी ठीक", "डावी ठीक", बस्स.

भांडणाऱ्यांना लांब ठेवलं की भागतं, एवढीच माझी अक्कल. मी जोडी फोडली. दोघांना वेगवेगळ्या पाळ्या दिल्या आणि स्वतःवर खूश झालो.

दुसऱ्याच दिवशी मुजावर केबिनमध्ये. "साहेब, जोडी का तोडली?"

"तू त्याच्याशी बोलत नाहीस ना?"

"नाही. बोलणारही नाही. पण माझा शुक्रवार त्याच्याकडे असतो."

तासाभरानं पेणकर आला. "साहेब, माझ्या शनिवारचं काय? दुसऱ्या कुणाचे उपकार घेऊ मी?"

मी चाटच पडलो. तोंड बघायला तयार नाहीत आणि देवाचा दिवस मात्र एकमेकांच्याच भरवशावर! मी निमूटपणे जुनं रोस्टर लावलं. त्यानंतरच्या प्रत्येक गाडीमागून मी स्वतः चाललो. कामात केसाएवढी कसूर सापडली नाही.

पण शुक्रवारी साहेबांचा तो फोन आला, आणि त्यांना नाव हवंच होतं. पेणकर गेला तर लोक म्हणणार, ज्यू म्हणून घालवला. मुजावर गेला तर मुसलमान म्हणून. शिवाय नव्या गावी दोघांनाही असा जोडीदार कुठला मिळायला?

शनिवारी पेणकर घरी, म्हणून रविवारी दोघांना चहाला बसवलं. मला खरंच कुतूहल होतं. विचारलं, "काय रे, तिकडे शांतता होईल का कधी?"

"पुढाऱ्यांनी मनावर घेतलं तर होईल," पेणकर म्हणाला.

"कुणाच्या पुढाऱ्यांनी?" मुजावरनं माझ्याकडे बघत विचारलं.

"दोन्हीकडच्या," पेणकर. तोही माझ्याकडेच बघून.

चहा आणणारे धोंडिबा आबा, आमचे म्हातारे खलाशी, म्हणजे यार्डातले मदतनीस, दारातच थांबले होते. मावळातले, धरणात गाव गेलेले. "आमचं गाव पान्यात गेलं तवा मी एवढासा हुतो," ते म्हणाले. "पुढारी लय आलं. ह्या बाजूचं आलं, त्या बाजूचं आलं. भाषनं केली. आमची घरं बुडाली सायेब, पन एकाचं बी धोतर भिजलं न्हाई."

मला ते झोंबलं. दोन दिवस मीसुद्धा कोरडा राहून दुसऱ्याचंच नाव शोधत होतो की!

सोमवारी मी नाव कळवलं. साहेबांचा लगेच फोन.

"वेड लागलंय का तुम्हाला? हे तर तुमचंच नाव आहे!"

"तुम्ही एक नाव मागितलंत. दिलं."

महिन्याभरात दौंडला हजर झालो. उन्हानं पाठ सोलून निघाली आणि बायको आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. निघताना स्टेशनवर दोघं आले होते, शेजारी उभे, तोंडं दोन दिशांना. पुढे समेट झाला का, ते मला कधी कळलं नाही. शुक्रवार-शनिवार मात्र चालू राहिले, हे आबांनी कळवलं.

तेव्हापासून पेपरात कुठल्याही दोन पुढाऱ्यांचा हात मिळवतानाचा फोटो आला की मी हसणं बघत नाही. यात यांचं स्वतःचं काय गेलं, ते आधी शोधतो. बहुतेक वेळा काहीच सापडत नाही, आणि मग मी पान उलटतो.