वहाबभाऊंच्या खिशातला कटाउट

मूल गावात वायरमन तसे पुष्कळ होते. सायकलचं पंक्चर काढणारा एक जण उरलेल्या वेळात वायरमन होता. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा एक जण लग्नसराई सरली की वायरमन होता. पण सरकारी परीक्षा पास होऊन सर्टिफिकेट मिळवलेले, आणि ते काचेत मढवून बैठकीत टांगलेले वायरमन एकच. वहाबभाऊ.

वहाबभाऊंची प्रकृती कापसाच्या गाठीसारखी. शिडीवर चढले की घरातली माणसं आपोआप शिडीपासून लांब व्हायची. बोलणं अखंड. तोंडात स्क्रू धरलेला असतानाही ते बोलत, आणि आश्चर्य म्हणजे समजतही असे. शौर्याच्या बाबतीत मात्र गावात त्यांच्या नावाला फारशी किंमत नव्हती. क्लॅरिनेटवाला चालू लाईनवर ओल्या हातानं काम करायचा आणि लोक टाळ्या वाजवायचे. वहाबभाऊ साधा होल्डर बदलायचा असला तरी आधी मीटरकडे जायचे, त्याखालचा चिनीमातीचा पांढरा फ्यूज उपसायचे आणि सरळ खिशात घालायचे. या फ्यूजला आमच्याकडे कटाउट म्हणतात. तो निघाला की सगळ्या घराची वीज बंद. मग पंखा बंद, टीव्ही बंद, आणि घरातल्या बाया सुरू.

"डरपोक हाये," लोक म्हणत.

"हाये," वहाबभाऊ छाती काढून सांगत. "माह्याइतका डरपोक वायरमन अख्ख्या चांदा जिल्ह्यात दाखवा. म्हणूनच अजून जित्ता हाये."

खिशात घालण्यामागे कारण होतं. तरुणपणी ते एका राईस मिलवाल्याच्या घरी काम करत होते. कटाउट काढून टेबलावर ठेवला होता. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाई झोपेतून उठल्या, पंखा बंद दिसला, आणि "लाईट काऊन गेली बाप्पा?" म्हणत त्यांनी टेबलावरचा कटाउट परत जागेवर बसवला. वहाबभाऊ तेव्हा शिडीवर होते. पुढच्याच क्षणी ते तांदळाच्या पोत्यांवर होते. डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. "तांदूळ होता म्हणून वाचलो," ते सांगत. "सिमेंट राह्यलं असतं त खल्लास."

या पद्धतीत एकच खोट होती. काम झाल्यावर गप्पा, गप्पांवर चहा, चहावर पान, आणि मग वहाबभाऊ कटाउटसकट घरी. त्यांच्या पत्नी कमरजहाँभाभी रोज संध्याकाळी त्यांचे खिसे झाडायच्या. निघालेले कटाउट दाराजवळच्या टोपलीत ठेवायच्या. अंधारातली मंडळी शोधत आली की त्या टोपली पुढे करायच्या. "हा चुना लागलेला गुरुजींचा. हा तेलकट हाये, तो भजेवाल्याचा." आम्ही सगळ्यांनीच त्या टोपलीत कधी ना कधी हात घातलेला आहे.

आता आमचे शेजारी देवराव रामटेके यांच्याकडे वळू. देवराव पाटबंधारे खात्यात कारकून. माणूस भला, काटकसरी, आणि स्वतःला अर्धा इंजिनियर समजणारा. त्यांच्या बैठकीत एक लोखंडी कूलर होता. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरकडच्या उन्हाळ्याबद्दल मी काही लिहीत नाही, कागद पेटायचा. इतकंच सांगतो की मे महिन्यात आमच्याकडे नातेवाइकांपेक्षा कूलरला जास्त जपतात. देवरावांचा कूलर हवा झकास द्यायचा. झटकाही द्यायचा.

पण आमच्या मुलखात झटका देणारा कूलर कुणी दुरुस्त करत नाही. त्याच्यासाठी चप्पल घेतात. देवरावांच्या कूलरशेजारी एक हिरवी रबरी चप्पल कायम असे. पाणी भरायचं, बटण दाबायचं, जाळीवरची धूळ झाडायची, तर आधी ती चप्पल पायात. पाहुणा उंबरठ्यातून आत आला की रुखमाबाई पाण्याचा ग्लास देत आणि सांगत, "बसा जी. कूलरले हात नोका लावू, लावाचा असला त चप्पल घाला." इतक्या सहज, की जणू घरात एक तापट सासरा आहे आणि त्याचा स्वभाव पाहुण्यांनी सांभाळून घ्यावा.

त्या उन्हाळ्यात देवरावांच्या मुलीला, माधवीला, पाहायला गडचांदूरचे पाहुणे येणार होते. माधवी सावली गावच्या शाळेत शिक्षिका. मुलगा धम्मदीप सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला. दोघांनी एका लग्नात एकमेकांना पाहिलं होतं, थोडं बोलणंही झालं होतं, आणि तेव्हापासून माधवी भाजीत दोनदा मीठ टाकत होती. अडचण मुलाची नव्हती, मुलाच्या आईची होती. सोनीबाईंची ख्याती मूलपर्यंत पोचली होती. एका ठिकाणी चहात साखर कमी म्हणून त्यांनी स्थळ मोडलं होतं. दुसऱ्या ठिकाणी मुलगी उत्तम, पण तिच्या घरचं मांजर यांच्याकडे रोखून पाहत होतं.

म्हणून त्या दिवशी देवरावांनी सकाळीच वहाबभाऊंना बोलावलं. काम एवढंच, की बैठकीतली ट्यूबलाईट फडफडत होती. मीही शेजारधर्म म्हणून खुर्च्या घेऊन गेलो होतो.

वहाबभाऊंनी कटाउट खिशात घातला, ट्यूबचा चोक बदलला, कटाउट लावून ट्यूब पेटवली. एव्हाना रुखमाबाईंनी पाहुण्यांसाठी कूलर लावून बघितला होता, चप्पल घालून. वहाबभाऊंचं लक्ष चपलेकडे गेलं. त्यांनी वरच्या खिशातून टेस्टर काढला आणि कूलरच्या पत्र्याला टेकवला. टेस्टर दिवाळीसारखा पेटला. वहाबभाऊ सरळ मीटरकडे गेले, कटाउट उपसला आणि पुन्हा खिशात.

"आता काय झालं जी?" देवराव.

"भाऊ, हा कूलर नाई. हा फाशीचा खांब हाये."

"तसा लई नाई देत. मुंग्या येते, बस. पाच वर्षं झाले."

वहाबभाऊंनी कूलरची वायर ओढून तिचा प्लग हातात घेतला. तीन पिनांपैकी वरची जाड पिन जागेवर नव्हती. करवतीनं साफ कापलेली होती.

"हे कोणी केलं?"

देवरावांच्या चेहऱ्यावर कारागिराचं समाधान आलं. "मीच. भिंतीत दोनच भोकं होते ना. म्हटलं, दोन पिनांवर चालते त तिसरी कायले पाहिजे?"

"तिपाई असते ना भाऊ, तिचा एक पाय कापून बसून पाहा बरं," वहाबभाऊ म्हणाले. "अरे, तेच त झटका जमिनीत नेते! ते कापली म्हणून आता झटका तुमच्यातून जमिनीत जाते."

"आज राहू द्या," रुखमाबाई काकुळतीला आल्या. "पाहुणे येऊन राह्यले भाऊ. उद्या करा. आम्ही त्याइले आधीच सांगून देतो ना चपलेचं."

"काय सांगता भाभी? जय भीम, या बसा, पोरगी एमए हाये, कूलर करंट मारते?"

"मी दुसरा वायरमन आणतो," देवराव चिडले.

"आणा की. पण कटाउट माह्या खिशात हाये."

हा मुद्दा बिनतोड होता. माधवी आतून सगळं ऐकत होती. ती बाहेर आली आणि म्हणाली, "काका, किती वेळ लागंल?"

"खड्डा लागंल बेटा. अर्थिंगच नाई घराले, झटका जमिनीत जाईन कुठून?"

झालं. दसरू नावाचा मजूर आला, अंगणात मुरूम फोडायला लागला. वहाबभाऊंनी मीठ मागितलं, रुखमाबाईंनी डबा दिला. "एवढ्यानं भाजी होते भाभी, अर्थिंग नाई," म्हणून त्यांनी किराणा दुकानातून खडा मिठाचं पोतं मागवलं. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला. लोखंडी पाइप आला. कूलरच्या पोटात पाण्याच्या पंपाची वायर सोललेली सापडली, ती बदलली. भिंतीत तीन भोकांचा सॉकेट, प्लग नवा. वहाबभाऊ घामानं निथळत होते आणि दसरूला भाषण देत होते. शेवटी कटाउट बसवून, बल्ब लावून त्यांनी अर्थिंग तपासलं, बल्ब लख्ख पेटला, मग सॉकेटचा शेवटचा स्क्रू आवळण्यासाठी कटाउट पुन्हा काढला.

नेमक्या त्याच वेळी एसटी आली. आमच्याकडे एसटी नको असते तेव्हा वेळेवर येते.

फाटकातून सोनीबाई, त्यांचे यजमान आणि धम्मदीप आत आले तेव्हा अंगणात मधोमध अर्धवट बुजलेला खड्डा, शेजारी मिठाचं पोतं आणि फावडं घेतलेला दसरू.

"जय भीम," धम्मदीपचे वडील म्हणाले. खड्ड्यात डोकावून त्यांनी विचारलं, "कोणाले गाडून राह्यले जी?"

देवराव हसले की रडले ते कळलं नाही. या गडबडीत वहाबभाऊंना वाटलं, पाहुण्यांसमोर आपण असं मातीनं माखलेलं बरं नाही. दुपारच्या नमाजाचीही वेळ झाली होती. हातपाय धुऊन, टोपी घालून ते मागच्या दारानं निघून गेले.

पाहुणे बसले. पन्हं आलं. देवरावांनी ऐटीत कूलरचं बटण दाबलं. काही झालं नाही. त्यांनी पंख्याचं दाबलं. ट्यूबचं दाबलं. मग त्यांनी मीटरकडे पाहिलं. कटाउटच्या जागी भोक होतं.

"लाईन गेली जी," रुखमाबाई घाईनं म्हणाल्या. "अख्ख्या मूलची जाते, रोज या टाइमाले."

त्याच क्षणी भिंतीपलीकडे माझ्या घरातला टीव्ही मोठ्यानं ओरडला, की अमुक साबणानं कपडे पांढरेशुभ्र होतात. सोनीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. मग रुखमाबाईंकडे पाहिलं. त्या मांजरानं पाहिलं असेल तसंच. माझ्या मनात आलं, स्थळ गेलं.

पोह्यांचा ट्रे घेऊन माधवी दारातच उभी होती. तिनं ट्रे खाली ठेवला.

"लाईन नाई गेली, काकू," ती म्हणाली. "कटाउट वायरमनच्या खिशात गेला. आमचा कूलर झटका देत होता. आम्ही पाच वर्षं चप्पल घालून वापरला." तिनं कोपऱ्यातली हिरवी चप्पल दाखवली. "आज दुरुस्त केला. तो खड्डा त्याचाच हाये."

देवरावांनी डोळे मिटले. सोनीबाईंनी त्या चपलेकडे पाहिलं. पदरानं वारा घेत होत्या, तो हात थांबला.

"आमच्या इथची निळी हाये," त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना.

"चप्पल. आमच्या कूलरची. मागच्या उन्हाळ्यात मी पाणी भरता भरता चिपकली होती. धम्मानं लाकडी पाटानं ढकललं तवा सुटली. मी म्हटलं होतं, वायरमन आणा. हे काय म्हणाले, इचारा."

यजमानांनी घसा साफ केला. "चप्पल नवीन आणली ना त्याच दिवशी."

धम्मदीप हसायला लागला. माधवीही. देवरावांना हसावं की नाही ते कळेना, म्हणून त्यांनी मला स्कूटरवर पिटाळलं.

वहाबभाऊ मशिदीच्या बाहेर चपला घालत होते. मला पाहताच त्यांचा हात खिशाकडे गेला आणि चेहरा उतरला. "या अल्ला," एवढंच म्हणून ते माझ्या स्कूटरवर बसले. स्कूटर खचली, पण पोचली.

कटाउट बसला. कूलर घरघरला. पण पुढे कुणी होईना. दोन्ही घरच्या पायांना चपलेची सवय. शेवटी वहाबभाऊंनी चपला काढल्या, अनवाणी ओल्या फरशीवर उभे राहिले, टेस्टर पत्र्यावर टेकवला. टेस्टरात अंधार. मग अख्खा पंजा जाळीवर ठेवला. क्लॅरिनेटवाल्याला मिळाल्या नसतील इतक्या टाळ्या त्या बैठकीत पडल्या.

गार वाऱ्यात सोनीबाई तासभर झोपल्या. उठल्या, चहा प्यायल्या. त्यात साखर कमी होती, हे मी स्वतः चाखलं आहे. त्या बोलल्या नाहीत. जाताना मात्र एवढंच म्हणाल्या, "पोरीचं मग सांगतो. आधी तो वायरमन पाठवा."

पुढचे दिवस देवरावांच्या घरात हवा गार आणि वातावरण गरम. "मग सांगतो म्हणजे काय जी?" रुखमाबाई दिवसातून चार वेळा मला विचारायच्या. माधवी काही विचारायची नाही, फक्त रोज अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायची. एक बादली महिन्याला पुरते, असं वहाबभाऊंनी सांगितलं होतं. पण तिला कोण अडवणार?

वहाबभाऊ गडचांदूरला जाऊन आले. खड्डा खणला, पिन बसवली, निळी चप्पल बाहेर काढली. सोनीबाईंनी जेवू घातलं, असं रात्रीच्या एसटीतून उतरताच त्यांनी आम्हाला सांगितलं. मग पानासाठी खिशात हात घातला आणि तोच परिचित चेहरा केला. पांढरा, एका कोपऱ्यात टवका उडालेला, सोनीबाईंचा कटाउट.

देवराव माझ्या ओट्यावर मटकन बसले. "संपलं. वेहीणबाई अंधारात, कूलर बंद, आन् पोरगी आमच्याच घरी."

तेवढ्यात माझ्या घरातला फोन वाजला. गल्लीत फोन माझ्याकडेच होता. पलीकडे सोनीबाई. आवाज इतका खणखणीत की फोन नसता तरी ऐकू आला असता. मी रिसीव्हर रुखमाबाईंच्या कानाला लावला. त्या नुसत्या "हो जी, हो जी" करत होत्या. मग रडायला लागल्या, मग हसायला लागल्या.

"काय म्हणते?" देवरावांनी विचारलं.

"म्हणते, तुमचा वायरमन आमचा कटाउट घेऊन गेला. आता सोयरीक करावीच लागते. म्हणते, उद्याच्या पहिल्या गाडीनं घेऊन या, आन् येताना तारीख ठरवूनच या."

कोपऱ्यातल्या वेताच्या मोढ्यावर वहाबभाऊ गंभीर चेहऱ्यानं बसले होते. "पाहा," ते म्हणाले, "म्हणून मी खिशात घालतो."

लग्न पावसाळ्याआधीच झालं. मांडवातली सगळी लाईट वहाबभाऊंची. हार घातले, वंदना झाली, जेवणं झाली, आणि मंडळी पांगल्यावर मांडवात अचानक अंधार झाला, तेव्हा कुणी ओरडलं नाही. कमरजहाँभाभींनी नवऱ्याच्या शेरवानीच्या खिशात शांतपणे हात घातला.