सत्तेचाळीस नंबरचं कार्ड

लॅमिनेशनवाल्याने आयुष्यात काय काय प्लास्टिकमध्ये कोंबलं होतं: जन्माचे दाखले, परवाने, एकदा तर एका आजोबांचं प्रेमपत्र. शंभर वर्षं टिकेल, असं तो प्रत्येकाला छातीठोकपणे सांगायचा. तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक तेव्हा थोडंच असणार!

म्हणूनच वहिनीने विश्वासाने ते कार्ड त्याच्या हाती दिलं. च्युइंगमच्या पाकिटातून पूर्वी रॉक बँडची कार्डं निघायची, त्यातलं हे सत्तेचाळीस नंबरचं. पुढे केस पिंजारलेला ड्रमवाला आणि त्याच्या कोपरामागे, वायरचं भेंडोळं खांद्यावर घेतलेला दादा. दादा त्या बँडचं सामान उचलायचा. त्याचा छापून आलेला हा एकच फोटो, तोही अर्धा. दादा गेल्यावर वहिनी म्हणाली, "भावजी, एवढं जपून ठेवा."

जपायचं म्हणून याने ते नव्या कोऱ्या मशीनमध्ये घातलं. मशीन किती तापलंय ते बघेल तर शपथ! कार्ड आत गुंडाळलं, करपलं, आणि ओढून काढताना याची दोन बोटंही भाजली.

पुढे नऊ वर्षं वहिनी दर भेटीत विचारायची, "कार्ड नीट आहे ना?" आणि हा शहाणा "एकदम!" म्हणून चहाच्या कपात तोंड घालायचा. दरम्यान त्याने बाकीची एकशे एकोणीस कार्डं जमवली आणि सवयीने सगळी लॅमिनेट केली. नेमकं तेवढं एक मिळेना.

शेवटी ते एका दातांच्या डॉक्टरकडे निघालं. अदलाबदलीसाठी आणलेला गठ्ठा बघून डॉक्टरने कपाळाला हात लावला. "प्लास्टिकमध्ये? अहो, पार वाट लावलीत!"

"मागचा तो वायरवाला माझा भाऊ आहे," हा म्हणाला.

डॉक्टरने कार्ड दिव्याखाली धरलं. मग याच्याकडे पाहिलं. "नाक तुमचंच आहे," असं म्हणून त्याने कार्ड देऊन टाकलं.

त्याच संध्याकाळी वहिनीने ते हातात घेऊन उलटं केलं. मागची बाजू कोरी.

"इथे ह्यांनी लिहिलं होतं. 'उशीर होईल, जेवून घे.'"

ती ओळ हा साफ विसरला होता. हा म्हणाला, "ते जळालं, वहिनी. पहिल्याच दिवशी."

"माहीत आहे. बोटांना मलम कुणी लावलं होतं?"

"मग दर वेळी विचारायचीस कशाला?"

"म्हटलं, कधीतरी सांगाल."

वहिनीने त्याच्या खिशातलं पेन काढलं, मागे तीच ओळ लिहिली आणि कार्ड आपल्या पर्समध्ये टाकलं.

"आता ह्याला मशीन दाखवू नका," ती म्हणाली.