नदीपलीकडचा टॉवर

नाव: ओनेझीम सिर. वय: चौसष्ट. व्यवसाय: कागद गिरणीतून निवृत्त. पत्ता: मेन राज्याचं उत्तर टोक, सेंट जॉन नदीचा अमेरिकी काठ. मूत्रपिंडाच्या प्रतीक्षायादीत: चार वर्षं, दोन महिने. संपर्क: मोबाइल, चोवीस तास. पर्यायी संपर्क: पत्नी लोरेट, मोबाइल, चोवीस तास.

आमच्याकडे नदीच्या उताराला लागलं की फोन पलीकडचा, कॅनडाचा टॉवर धरतो. घड्याळ तासभर पुढे पळतं आणि महिनाअखेरचं बिल डोळे पांढरे करतं. म्हणून गावात सगळ्यांचं रोमिंग बंद. ओनेझीम तर यातला जाणकार. चर्चच्या हॉलमध्ये बायका फोन पुढे करायच्या आणि हा चष्मा कपाळावर चढवून एकेक फोन 'फक्त आपलं नेटवर्क'वर टाकून द्यायचा. लोरेटचा त्याने सगळ्यांत आधी टाकला होता.

मार्चमधल्या एका रविवारी हॉलमध्ये बीन्सचं जेवण होतं. हॉल पाण्याला लागून, आणि आपल्या कंपनीचा टॉवर टेकडीमागे.

"अरे, रेंजच नाही," लोरेट म्हणाली. "आजच्यापुरतं रोमिंग चालू कर की."

"चार वर्षं वाजला नाही तो. आता बीन्स खाताना वाजणार?"

"आणि वाजला तर?"

"तर टेकडी चढलो की निरोप दिसेलच. खा तू, प्लॉय गार होतायत."

गव्हाच्या नव्हे, बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या त्या धिरड्यात लोणी गुंडाळत त्यांच्याच टेबलाशी बसलेला मीही हसलो. माझंही रोमिंग बंदच होतं.

अडीच तासांनी त्यांच्याच गाडीत, मी मागे बसून, आम्ही टेकडी चढलो आणि दोघांचे फोन एकदम किणकिणले. सात निरोप. ओनेझीमने गाडी कडेला घेऊन इस्पितळाला फोन लावला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"मिस्टर सिर, तुम्हाला फोन केला, बाईंना केला. तासभर थांबलो हो आम्ही."

"मी इथंच होतो. जेवत होतो."

"हो. पण आता ते मूत्रपिंड यादीतल्या पुढच्या माणसाला दिलंय."

लोरेटने आपला फोन त्याच्यापुढे धरला. त्याने रोमिंग चालू केलं आणि परत दिला.

इस्पितळाच्या नोंदीत त्या तारखेपुढे आहे: 'रुग्णाशी संपर्क होऊ शकला नाही. रुग्ण यादीत कायम.' त्याचं हृदय आता शस्त्रक्रिया सोसणार नाही, असं डॉक्टरांनी ओनेझीमला जूनमध्ये तोंडी सांगितलं.