सुनंदाला न मिळालेली खोली

देवळाली प्रवराच्या स्टँडवर माझी पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर चढली, तेव्हा आई रडली नाही. वडील उसाच्या फडातून तसेच आले होते. "शिक. पन जी मागं राहिल्यात त्यांना इसरू नको," एवढंच म्हणाले. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नगरला मागासवर्गीय मुलांच्या वसतिगृहात मला खाट मिळाली होती.

दोन वर्षांनी धाकटी बहीण सुनंदा माझ्याच कॉलेजात सायन्सला आली. मुलींसाठी तशी सोय नव्हती. वर्गातल्या इतर खेड्यांतल्या मुली दोघीतिघी मिळून खोली करून राहत. सुनंदाही खोल्या बघत फिरली. घरमालकीण प्रेमाने पाणी देई, मग आडनाव विचारी. मग ती खोली पाहुण्यांसाठी लागणार असे. मागास म्हणून जे होतं ते मुलांचं, मुलगी म्हणून जे होतं ते दुसऱ्या आडनावांचं. ती रोज एसटीने ये-जा करू लागली. शेवटची गाडी गाठायला प्रॅक्टिकल अर्धं टाकून पळायची.

आमची विद्यार्थी संघटना तेव्हा वसतिगृहाच्या जागा वाढवा म्हणून धरणं धरून बसली होती. मी सेक्रेटरी. मागणीत मुलींचंही घाला, असं सुनंदा सगळ्यांसमोर म्हणाली. मी समजावलं, आधी आपली मुलं आत जाऊ देत, मग बघू.

"मग मी कुनाची रं, दादा?"

"सेक्रेटरी, तुमची बहीन लई तयारीची हाय," कोणीतरी म्हणालं. पोरं हसली. मीही हसलो.

जागा वाढल्या. आम्ही निळा गुलाल उधळला.

आईची भाकरी सुनंदा रोज वसतिगृहाच्या फाटकावर आणून देई. एक दिवस आलीच नाही. स्टँडवर गेलो, तर डबा ओळखीच्या कंडक्टरच्या हातात.

"ती आता फडात जाती की," तो म्हणाला. "तुमाला ठावं न्हाई व्हय?"

आज मी पुण्यातल्या एका कॉलेजात विद्यार्थ्यांच्या अडचणी बघतो. समोर बसलेल्या मुलीला जात, गाव, घरचं काम, राहायची जागा, सगळं एकत्रच विचारतो. एक सुटलं तर बाकीचं फुकट जातं. लोक कौतुक करतात. मी पुढच्या मुलीला आत बोलावतो.

सुनंदा नगरजवळच्या नागापूरला एका वर्कशॉपात पॅकिंगला जाते. वर्षाकाठी एखाद्या रविवारी माझ्या फ्लॅटवर येते. एक बेडरूम रिकामीच असते, राहा म्हणतो. ऊन कललं की ती पिशवी उचलते.

जिथून संध्याकाळी निघावं लागत नाही, ते घर. माझ्याकडून ती अजून निघते.