डोक्याला मार, वरून ठणठणीत!

आमच्या ऑफिसात जुन्या फायली लाल फडक्यात बांधून माळ्यावर टाकतात. किश्शांचं तसं होत नाही. ते खालीच राहतात, चहाच्या वेळी बाहेर निघतात आणि दर वेळी थोडे वाढलेले असतात! बारा वर्षं मी अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे लढवते आहे. त्यातही डोक्याला मार लागलेल्यांचे दावे जास्त. आमचे साहेब ते मनापासून चालवतात म्हणून ते आमच्याकडे येतात, असं मी बाहेर सांगते. खरं कारण असं की बाकीचे वकील ते घेत नाहीत.

पाय मोडला तर एक्स-रे दाखवता येतो. डोक्याचा माणूस कोर्टात उभा केला की तो चालतो, बोलतो, नमस्कार करतो. वरून ठणठणीत! आत काय बिघडलंय हे जजला पटवता पटवता आमची वर्षं निघून जातात.

ऑफिस म्हणजे महाल भागात एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. माणसं तीन. बोरकर साहेब, त्यांची ज्युनिअर मी, आणि मुन्शी वासुभाऊ. वासुभाऊ नसले तर आम्हा दोघांना आमचीच फाईल सापडत नाही.

*

शांताबाई साक्षीला आल्या त्या डोक्याला पांढरीशुभ्र पट्टी बांधून. अपघाताला दोन वर्षं झाली होती! जखम कधीच भरली होती, त्रास राहिला होता तो चक्कर येण्याचा. मी घाबरले. त्यांना बाजूला नेऊन विचारलं, "काय झालं आजी, पुन्हा पडलात का?"

"नाई वं बाई. शेजारीण म्हणे, डोक्याची केस अन् डोक्याले पट्टी नाई? जज काय म्हणन?"

मी कॉरिडॉरमध्येच पट्टी सोडायला घेतली. दवाखान्याचा घमघमाट सुटला. पट्टी बांधायच्या आधी ती जंतुनाशकात बुडवून वाळवली होती. तोही विचार शेजारणीनेच केला होता!

*

पारशिवनीकडच्या एका मुलाच्या दाव्यात विमा कंपनीचं म्हणणं होतं की त्याने हेल्मेट घातलंच नव्हतं. त्याचं फुटकं हेल्मेट घरी होतं, म्हणजे पुरावा आमच्या हातात होता. साहेबांनी त्याच्या वडिलांना बजावून सांगितलं, "आहे तसं राहू द्या. कोणी हात लावायचा नाही. तारखेला घेऊन या."

तारखेला वडील रिकाम्या हाताने आले.

"हेल्मेट?"

"घरी आहे जी. तुम्ही म्हणाले हात लावू नोका, तर कोणीच नाई लावला."

"मग आणलं का नाही?"

"त्यात कोंबडी बसली ना साहेब. अंड्यावर आहे. आता उठवली तर सारे अंडे वाया जातीन. बारा दिवस थांबता येईन का?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग वासुभाऊंना तारीख वाढवून मागण्याचा अर्ज सांगायला लागले. कारण काय लिहावं यावर दहा मिनिटं गेली. शेवटी लिहिलं, 'पुरावा सध्या वापरात असल्यामुळे.'

तेव्हाच्या जजसाहेबांनी एक शब्दही न विचारता तारीख दिली. पुढच्या वेळी हेल्मेट टेबलावर आलं, तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "किती निघाली?"

"नऊ जी!"

*

आता मेश्रामभाऊ.

सुधाकर मेश्राम गांधीबागेत साड्यांच्या दुकानात चोवीस वर्षं सेल्समन होते. मागून आलेल्या जीपने त्यांची स्कूटर उडवली. मेंदूत रक्त साचलं, ऑपरेशन झालं, दीड महिन्याने घरी आले. केस उगवले आणि टाके झाकले गेले. बोलणं पूर्वीसारखंच गोड. फक्त आत्ता झालेली गोष्ट थोड्या वेळाने त्यांच्या डोक्यात राहत नाही.

त्यांना पहिल्यांदा छायाताई घेऊन आल्या. छायाताई म्हणजे त्यांची बायको. "जय भीम मॅडम," म्हणत दोघं बसले. मेश्रामभाऊंनी साहेबांच्या खोलीचं कौतुक केलं, खिडकीचं कौतुक केलं, मी किती तरुण वकील आहे याचंही केलं. मी खूश! पाच मिनिटांनी त्यांनी माझं पुन्हा तेवढंच कौतुक केलं, तेव्हा मला केस कळली.

छायाताई एका शाळेत स्वयंपाकाचं काम करायच्या. ते त्यांनी सोडलं होतं. कारण मेश्रामभाऊ एकदा दूध आणायला गेले आणि संध्याकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला सापडले, हातात दुधाची रिकामी बरणी. आता त्या त्यांना सकाळी दुकानात पोचवतात आणि संध्याकाळी घेऊन येतात. शेठ जुना माणूस आहे, तो त्यांना दुकानात बसू देतो. गल्लीतले लोक मात्र म्हणतात, रोज कामावर जातो, चांगला हसतो-बोलतो, हे सगळं पैशासाठी चाललंय.

"पैसा कमी भेटला तरी चालन मॅडम," छायाताई म्हणाल्या. "पण लोक म्हणतेत आम्ही नाटक करून राहिलो. कोर्टानं एकदा लिहून द्यावं, का हे खरं आहे."

हे त्या रडत म्हणाल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. त्या दिवसापासून ती फाईल मी वासुभाऊंकडे न देता माझ्याच कपाटात ठेवली.

*

अशा दाव्यात मेडिकल बोर्डासमोर तपासणी होते. किती अपंगत्व आलं त्याचं सर्टिफिकेट तिथे मिळतं, आणि दावा बहुतेक त्यावरच तरतो किंवा बुडतो.

तपासणीच्या दुसऱ्या दिवशी छायाताई जिना चढून आल्या. चेहरा फुललेला, हातात पेढ्यांचा पुडा!

"मॅडम, पास झाले! सारे उत्तरं बरोबर!"

झालं होतं असं की तारीख लागल्यावर त्या आधीच जाऊन रांगेतल्या लोकांना विचारून आल्या होत्या, आत काय काय विचारतात. सगळं वहीत उतरवून घेतलं. मग आठ दिवस घरी अभ्यास! शंभरातून सात गेले किती, त्यातून पुन्हा सात गेले किती. आंबा, खुर्ची, किल्ली हे तीन शब्द लक्षात ठेवून सांगा. सकाळ-संध्याकाळ घोकंपट्टी. तारीख रोज बदलते, म्हणून ती त्या सकाळी ऑटोत बसल्यापासून पाठ करून घेतली.

"डॉक्टर लोकायसमोर इज्जत गेली नाई पाहिजे ना," त्या म्हणाल्या.

सर्टिफिकेटवर लिहिलं होतं की स्मरणशक्तीत किरकोळ घट आहे. साहेब पेढा हातात धरून बसले. त्यांना तो खाता येईना आणि ठेवताही येईना. मला आधी खूप राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. परीक्षेला नापास व्हायला जायचं असतं, हे आपण त्यांना सांगितलं कधी होतं? मी पेढा खाल्ला. वासुभाऊंनी दोन खाल्ले.

*

वासुभाऊंचं सांगायचंच राहिलं. त्याच महिन्यात ते आमच्या जिन्यावरून घसरले आणि कठड्यावर डोकं आपटलं. टेंगूळ लिंबाएवढं! साहेब म्हणाले, "चला, दवाखान्यात."

"काही नाई झालं मले!"

"वासुभाऊ, डोक्याचा मार आहे. आपणच लोकांना सांगतो ना?"

"म्हणूनच म्हणतो जी. अॅडमिट कागद, डिस्चार्ज कागद, स्कॅनचा रिपोर्ट, त्याच्या तीन-तीन झेरॉक्स. तीस वर्षं लोकायचे कागद लावून राहिलो मी. माझे कोण लावन?"

साहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि काळजीने विचारलं, "बरं, शंभरातून सात गेले किती?"

"साहेब, हे मले डोकं शाबूत होतं तेव्हाही नव्हतं येत!"

शेवटी मी त्यांना ऑटोत घालून नेलं. स्कॅन व्यवस्थित निघाला. त्याच्या तीन झेरॉक्स काढून त्यांनी फाईल केली आहे.

*

मेश्रामभाऊंना मग मी मेंदूच्या एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. छायाताईंना बाहेर बसवलं आणि वही माझ्या पर्समध्ये ठेवून घेतली.

डॉक्टर घाईतले नव्हते. त्यांनी शंभर-सात काही विचारलंच नाही. नुसत्या गप्पा मारल्या. "सकाळी काय खाल्लं मेश्रामजी?"

"पोहे अन् तर्री, जी. चौकातल्या ठेल्यावर. आज तर्री जरा जास्त तिखट होती. ठेल्यावाला नवीन आहे."

डॉक्टरांनी छायाताईंना आत बोलावून तेच विचारलं. "काही नाई खाल्लं साहेब," त्या घाबरून म्हणाल्या. "तुम्हीच म्हणाले होते ना, रक्त द्यायचं आहे, उपाशी आणा म्हणून?"

मी मेश्रामभाऊंकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. नंतर त्यांच्या शेठकडून मला त्यामागचं कारण कळलं. त्या दुकानात कामाला लागणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट शिकवतात. गिऱ्हाईकाला 'नाही' म्हणायचं नाही. साडी दुकानात नसेल तरी "आहे ना जी, बसा" म्हणायचं, मग दुसरी दाखवायची. चोवीस वर्षं ते हेच करत आले होते. डोक्यात एखादी गोष्ट सापडली नाही, तरी ते 'नाही' म्हणत नव्हते. त्या जागी दुसरी काढून दाखवत होते.

डॉक्टरांनी आमच्या बाजूने रिपोर्ट दिला. कंपनीचे वकील म्हणाले, एक कागद म्हणतो बरा आहे, दुसरा म्हणतो नाही. आता काय ते माणसालाच विचारू.

*

उलटतपासणीच्या दिवशी साहेबांनी मेश्रामभाऊंना शेवटचं समजावलं. "जे आठवत नाही, तिथे 'आठवत नाही' म्हणायचं. कळलं?"

"हो जी."

आता त्यांच्या 'हो जी'ला काय अर्थ होता हे मला माहीत होतं.

कंपनीचे वकील वाईट गृहस्थ नव्हते. आवाज चढवत नव्हते. त्यांनी विचारलं, "तुम्ही रोज दुकानात जाता?"

"हो जी."

"गिऱ्हाईकाला साड्या दाखवता?"

"हो जी, तेच काम आहे."

"तब्येत बरी आहे?"

"एकदम."

"सगळं नीट आठवतं?"

"काहून नाई आठवणार जी?"

मागच्या बाकावर छायाताईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. मेश्रामभाऊ बोर्डापुढे पास झाले होते आणि आता कोर्टापुढेही पास होत होते.

मग वकिलांनी पिशवीतून एक साडी काढली. हिरवी, तांबड्या काठाची. सोबत पावती. त्यांनी त्यांचा माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवून ती मेश्रामभाऊंच्याच हातून विकत घेतली होती. "मॅडम," ते जजबाईंना म्हणाले, "अर्जदाराने ही साडी उघडून दाखवावी आणि घडी घालावी, एवढीच विनंती आहे. काम येतं की नाही ते कोर्टालाच दिसेल."

जजबाईंनी आमच्याकडे पाहिलं. साहेब हरकत घ्यायला अर्धे उठले, मेश्रामभाऊंकडे पाहिलं आणि खाली बसले. मी त्यांना कोपर मारलं. ते हलले नाहीत.

साडी हातात आली आणि मेश्रामभाऊंचे खांदे सरळ झाले. त्यांनी ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर एका झटक्यात पसरली. समोर बसलेल्या बाई म्हणजे गिऱ्हाईकच! "पाहा मॅडम. काठ पाहा, पदर पाहा. कितीही धुवा, रंग नाई जाणार." मग काठाला काठ लावून त्यांनी अशी घडी घातली की एक सुरकुती नाही. कोर्टात दोघं-तिघं कौतुकाने हसले.

"मला आणखी काही विचारायचं नाही," कंपनीचे वकील म्हणाले आणि बसले.

मेश्रामभाऊंनी घडी बाजूला ठेवली. पुन्हा उचलली. उघडली.

"आता ही पाहा मॅडम. ही वेगळी आहे. काठ पाहा, पदर पाहा."

पुन्हा लोक हसले. त्यांनी घडी घातली, ठेवली, उचलली.

"ही पाहा. हा माल कालच आला. तुमच्यासाठीच काढून राहिलो."

आता कोणी हसलं नाही. स्टेनोचे हात थांबले. कंपनीचे वकील उठून हळूच म्हणाले, "मेश्राम, झालं आता."

"थांबा जी, मॅडम पाहून राहिल्या ना," मेश्रामभाऊ म्हणाले आणि चौथ्यांदा काठाला काठ लावला.

जजबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या थोडं पुढे झुकल्या.

"अजून आहेत का हो?"

मेश्रामभाऊंचा चेहरा उजळला.

"लई आहेत जी मॅडम! तुम्ही निवांत बसा."