मामांचं यूनान

यूनान हा देश सात समुद्रांपलीकडे वगैरे नसून परभणी आणि हैदराबाद यांच्या मधेच, एखाद्या लहानशा स्टेशनावर उतरून बैलगाडीनं जाण्याजोगा आहे, असं आमच्या मामांचं ठाम मत होतं. तसं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. पण तिकडच्या देवांविषयी, वीरांविषयी आणि राजकन्यांविषयी ते ज्या आपलेपणानं आणि ज्या तक्रारीच्या सुरात बोलत, त्यावरून ही सगळी मंडळी मामांच्या भावकीतली असावीत आणि शेताच्या बांधावरून त्यांचं मामांशी कधीतरी वाजलेलं असावं, असंच ऐकणाऱ्याला वाटे. आकाशाच्या यूनानी राजाचा विषय निघाला की चहाची बशी खाली ठेवून ते म्हणत, "त्याचं नाव काढू नको. लई रंगेल माणूस. बायको बिचारी जन्मभर परेशान." आणि त्या बायकोच्या दुःखानं मामांचा चहा खरोखर निवून जाई.

मामा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्यालाही मामाच म्हणतात. गावाकडची शेती भावांवर सोपवून ते निजामाच्या अमदानीतच हैदराबादेत कारकून म्हणून चिकटले आणि सुलतान बाजारामागच्या एका गल्लीत भाड्यानं राहिले. जामबागेतल्या कॉलेजात माझं नाव घातलं तेव्हा मी त्यांच्याच घरी राहायला आलो. त्या काळच्या रीतीप्रमाणे मामांचं सगळं शिक्षण उर्दूतून झालेलं. शाळेतले एक मौलवीसाहेब फावल्या वेळात यूनानच्या गोष्टी सांगत. त्या मामांच्या डोक्यात गेल्या त्या तिथंच मुक्काम करून राहिल्या. 'ग्रीक' हा शब्द त्यांना कधीच पटला नाही. शेजारच्या काकूंना मात्र यूनानी म्हटलं की फक्त हकीमसाहेबांचा दवाखाना आठवे. बलदंड वीरानं सिंहाला नुसत्या हातांनी लोळवल्याची गोष्ट तासभर ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "एवढी ताकत? मंग त्याच्याकडं गुडघ्याचं काही औषध मिळतं का, विचारा ना." मामांनी हे वाक्य मनाला लावून घेतलं नाही. विचारून सांगतो म्हणाले.

त्या दिवसांत सिकंदराबादच्या टॉकीजमध्ये यूनानी वीरांचे इंग्रजी चित्रपट येऊ लागले होते. उघड्या अंगाचे पहिलवान, कागदी खडक, ओरडणाऱ्या राजकन्या. मामांना इंग्रजी बेताचंच येई, पण त्यांचं काही अडत नसे. पडद्यावरच्या माणसानं तोंड उघडायच्या आत मामा त्याचं बोलणं मराठीत सांगून मोकळे होत, आणि तो नंतर जे बोले ते चूक आहे असा चेहरा करत. आसपासचे लोक आधी "शू" करत, मग हळूहळू मामांच्याच जवळच्या खुर्च्या धरत. पण मामांबरोबर चित्रपट पाहण्यात एक मोठी अडचण होती. शेवट जवळ आला की ते उठत. नुसते उठत नसत, आम्हा सगळ्यांना उठवत आणि ओळीनं बाहेर काढत. "शेवट काय बघायलास? मरतेत सगळे. मला माहीत आहे ना," असं म्हणत ते बसस्टॉपकडे चालू लागत, आणि बस येईपर्यंत त्या चित्रपटाला आपल्या पदरचा एक उत्तम शेवट जोडून देत. त्यात बुडालेला वर येई, रुसलेली परत येई, मारलेला नुसता बेशुद्ध निघे. कितीतरी चित्रपट मी असे बसस्टॉपवर पुरे केले. पुढे एकदा मित्रांबरोबर गेलो आणि प्रथमच शेवटपर्यंत बसलो, तेव्हा नायक खरंच मेला. मला तो दिग्दर्शकाचा आगाऊपणा वाटला.

गल्लीच्या गणेशोत्सवात दरवर्षी मामांचं एक नाटक होई. सगळं यूनानचं, फक्त नावं मराठी. मूळ नावं उच्चारताना नटांच्या कवळ्या निसटतात, असं त्यांचं म्हणणं. लाकडी घोड्याच्या वर्षी मामांनी घोडा आमच्या माजघरात बांधायला घेतला. घोडा असा देखणा झाला की बघायला हिमायतनगराहून लोक आले. उत्सवाच्या दिवशी लक्षात आलं की तो दारातून बाहेर निघत नाही. शत्रूचं अख्खं शहर ज्या घोड्यानं जिंकलं, तो आत्याच्या चौकटीपुढे हरला. शेवटी चार पाय आणि मान वेगवेगळी नेली आणि मामांनी ऐनवेळी संवाद घातला, "हे नगरवासीयांनो, देवानं घोडा पाठवला आहे, जोडून घ्या." आणि घोड्यात लपलेले सैनिक शहरात शिरल्यावर लढाई न होता दोन्ही बाजूंची मंडळी आरतीला उभी राहिली. नाटकाचा शेवट गोड झालाच पाहिजे, हा मामांचा दंडक होता. "मांडवातून माणूस रडत घरी गेला तर गणपती काय म्हणील?" असं ते विचारत.

मग राज्याच्या वाटणीचे दिवस आले. आमच्या हैदराबाद राज्याचे तीन तुकडे होणार, मराठी मुलूख मुंबई राज्यात जाणार, आणि कचेऱ्यांतले मराठी कारकूनही त्याच्याबरोबर जाणार असं ठरलं. मामांना औरंगाबादेचा हुकूम आला. आपली भाषा, आपला मुलूख म्हणून गल्लीत पेढे वाटले गेले, मामांनीही वाटले. पण त्यांचा चेहरा पेढे वाटणाऱ्याचा नव्हता. त्यांची एकुलती एक लेक, माझी ताई, नुकतीच हैदराबादेतच दिलेली. व्याह्यांचं सुलतान बाजारात कापडाचं दुकान, घर हिमायतनगरात. मामा रोज कचेरीतून येताना वाट वाकडी करून तिच्या घरावरून येत. आत जात नसत, लेकीच्या घरी सारखं जाऊ नये म्हणून, नुसते खिडकीखालून खाकरत. वरून ताईही खाकरे. एवढ्यावर मामांचा दिवस निघे. आता हे खाकरणं औरंगाबादेहून कसं ऐकू जाणार?

यावर मामांनी जो उपाय काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकत होता. जावयानं औरंगाबादेत दुकान काढावं आणि ताईला घेऊन तिकडेच यावं, हे व्याह्यांना तोंडानं सांगायची त्यांची छाती नव्हती. म्हणून ते त्यांनी नाटकातून सांगायचं ठरवलं. भूमातेची यूनानी गोष्ट त्यांनी निवडली. भूमातेच्या लेकीला पाताळाचा राजा घेऊन जातो. आई दुःखानं वेडी होते, शेतं करपतात. शेवटी देव म्हणतात, लेकीला परत ने, पण अट एक: पाताळातला एक दाणाही तिनं खाल्लेला नसावा, तिथलं अन्न पोटात गेलं की ती तिथली. मूळ गोष्टीत पोर डाळिंबाचे दाणे खाते आणि म्हणून तिला दरवर्षी पाताळात परतावं लागतं. मामांच्या नाटकात ती काही खातच नव्हती. ती आईचा हात धरून कायमची घरी येत होती. "व्याही पुढच्या ओळीत बसवायचे," मामा मला म्हणाले. "दगडालाबी पाझर फुटंल असा प्रवेश लिहिलाय."

मला पाताळाचा राजा केलं होतं. अंगात शेजारच्या खाँसाहेबांची शेरवानी, आणि बोलणं दखनी उर्दूत, कारण मामांच्या मते पाताळात दरबारी अदब असणारच. लेकीचं काम टपाल खात्यातल्या एका भारदस्त गृहस्थांकडे होतं. त्यांनी मिशी काढायला साफ नकार दिल्यामुळे लेक सबंध नाटकभर पदर नाकावर ओढून होती. आणि भूमाता व्हायला कोणी तयार होईना, तेव्हा आत्याचं हिरवं लुगडं नेसून, टकलावरून पदर घेऊन मामा स्वतः उभे राहिले.

नाटक नेमकं महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आलं. बायका घरोघरी सवाष्णी जेवू घालून थेट मांडवात आल्या होत्या आणि पाताळाच्या अटीचं पद चालू असताना आपसात हळदीकुंकू करत होत्या. अट कोणाच्या कानावरही गेली नाही. पुढच्या ओळीत व्याही, विहीणबाई, जावई आणि ताई. त्यांच्या शेजारी आत्या. माझा प्रवेश आला. मी खऱ्या डाळिंबाचं ताट पुढे केलं आणि म्हणालो, "बेगमसाब, एक दाना तो लेव. हमारे घर से कोई भूका नै जाता." लेकीनं मान फिरवली. मी पुन्हा म्हणालो, "नक्को मत बोलो. मेरा दिल टूट जाता." बायकांमध्ये कुजबूज झाली की जावई मोठा आर्जवी दिसतो. तेवढ्यात भूमाता आली, लेकीनं "आई!" म्हणून टाहो फोडला आणि दोघी निघाल्या.

"अगं बाई!" शेजारच्या काकू मोठ्यानं म्हणाल्या. "सवाष्ण उपाशीच निघाली की! आजच्या दिवशी?" झालं. सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. कोणी म्हणे तिला बसवा, कोणी म्हणे ओटी तरी भरा. भूमातेनं डोळे वटारून लेकीला पुढं ओढलं, तशी आत्या उठून उभी राहिली. आत्या नाटकात कधी बोलत नसे. ती शांतपणे म्हणाली, "पोरी, दोन दाणे तोंडात टाक आन् मंग नीघ. सासरचं भरलं ताट लोटून निघू नाही. आईच्या घरी नंतर ये. रीत हाये ती."

टपालातले गृहस्थ दुपारपासून रंगभूषेत अडकले होते. घरचं महालक्ष्म्यांचं जेवण त्यांचं हुकलं होतं. त्यांनी एकदा मामांकडे पाहिलं, एकदा आत्याकडे पाहिलं, आणि पदराआड हात नेऊन डाळिंबाचे चांगले ओंजळभर दाणे खाल्ले. मिशीवरून लाल रस ओघळला. बायकांनी समाधानानं सुस्कारा सोडला.

मी हातात ताट घेऊन तसाच उभा. आता पुढं संवाद नव्हता. मामा हिरव्या लुगड्यात रंगमंचाच्या मधोमध उभे होते आणि आत्याकडे बघत होते. तीही त्यांच्याकडेच बघत होती. लेक तिचीही दुरावत होती, हे मामांच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आलं असावं. मग त्यांनी ताईकडे पाहिलं. तिनं पदराचा बोळा तोंडाशी धरला होता. हसू की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक. मांडवात पहिल्यांदाच मामांच्या नाटकाचा शेवट कोणाला माहीत नव्हता.

"खाल्लंस?" मामा शेवटी म्हणाले. आवाज भूमातेचा नव्हता, रोजचा होता. "बरं केलंस, बाई. उपाशी राहून माहेरी येऊ नाही." मग त्यांनी लेकीचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "जावईबापू, आता ती तुमची. पण सालातून एकदा, महालक्ष्म्यांना, हिला घरी धाडा. इसरू नका. इसरले तर माझी शेतं सुकतील." हे ते माझ्याकडे तोंड करून म्हणत होते, पण त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पुढच्या ओळीत गेली होती. आणि तिथं आमचे व्याही, ज्यांना गिऱ्हाइकाशीही पाच शब्दांवर बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, ते उठले आणि भर मांडवात म्हणाले, "धाडतो! दरसाल धाडतो! ही जबान आहे माझी!" मग पडदा पाडायचं कोणाला सुचेना. त्या दिवशी अख्खा मांडव रडत घरी गेला. गणपती काही म्हणाला नाही.

मामा औरंगाबादेला गेले. काचीगुड्याच्या स्टेशनावर गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून नुसतं खाकरलं. ताईनंही खाकरलं, पण तिला ते नीट जमलं नाही. व्याह्यांनी शब्द पाळला. ते वारल्यावर जावयांनी पाळला. दरवर्षी महालक्ष्म्यांना ताई औरंगाबादेच्या गाडीत बसे, आणि मला जमेल तेव्हा मीही सोबत जाई. मामांनी तिथल्या अंगणात पहिली गोष्ट केली ती म्हणजे डाळिंबाचं झाड लावलं. ताई आली की चहाच्या आधी सोललेल्या दाण्यांची वाटी तिच्यापुढे येई. "खा. सगळी खा," मामा समोर बसून म्हणत. "इथलं खाल्लं की इथं परत यावंच लागतं. यूनानचा कायदा आहे तो. आपण काय करणार?" ताई वाटी रिकामी करेपर्यंत ते जागचे हलत नसत. मग दुसरी वाटी मला मिळे.

आता मामा नाहीत, आत्याही नाही. झाड आहे. यंदा महालक्ष्म्यांना ताई आणि मी गेलो होतो. ताई आता स्वतः आजी झाली आहे. तिनं कोणाला हात लावू न देता डाळिंब फोडलं, दाणे सोडवले आणि मला वाटी दिली. मग दुसरी वाटी भरून तिनं मामांच्या फोटोपुढे ठेवली आणि मुलाला समजवावं तशा आवाजात म्हणाली, "खा. सगळी खा." आणि माझ्याकडे वळून, डोळे पुसत हसली, "बघू आता कसे येत नाहीत ते."