मंगळवारचा प्रसाद

वसईच्या एका कॉलेजात मी जुनं इंग्रजी साहित्य शिकवते. सहाशे वर्षांपूर्वीच्या त्या कवितांत यात्रेकरू फार. कुणी टोपीला शिशाचे बिल्ले लावून आपण केलेली तीर्थं मिरवतो, कुणी डुकराची हाडं संताची म्हणून विकतो. यात्रेला निघालेल्या माणसाकडे ते कवी संशयानेच बघतात, असं मी दरवर्षी वर्गात सांगते. सांगून सांगून तो संशय माझ्याही अंगात मुरला असावा.

आई गेली त्या वर्षी वडील दर मंगळवारी विरारला डोंगरावरच्या जीवदानी देवीला जाऊ लागले. आई जायची तेव्हा हेच तिची चेष्टा करायचे. जन्मभर खाडीकाठी भातशेती केली, पण कधी देवळाची पायरी चढले नव्हते. आता दुपारी परत आले की माझ्या हातावर प्रसाद ठेवत. एकदा पेढा, एकदा खोबऱ्याचा तुकडा, एकदा वहीच्या कागदात नुसते कुरमुरे. प्रसाद दर वेळी वेगळा कसा? आणि गुडघे धरलेला माणूस हजारावर पायऱ्या चढून इतका ताजातवाना कसा? मी त्यांच्या सदऱ्याचे खिसे तपासले. चपला उलट्या करून पाहिल्या. विचारलं तर म्हणाले, गर्दी नव्हती.

एका मंगळवारी रजा टाकून मी त्यांच्या मागोमाग गेले. शंभरेक पायऱ्या चढून ते कठड्याशी बसले, ते उठलेच नाहीत. वरून उतरणाऱ्यांना हात जोडून प्रसाद मागत राहिले. एका बाईने खोबरं दिलं, ते त्यांनी रुमालात बांधलं.

मी समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, "घरी आणता तो प्रसाद हाच?"

"देवीचाच हाय ना," ते शांतपणे म्हणाले. "मी वर जातो, असं कवा बोललो?"

खरंच, बोलले नव्हते. मी शेजारी बसले. मग त्यांनी सांगितलं, की शेवटच्या दोन वर्षांत आईलाही इथून पुढे चढवत नव्हतं. तीही असाच प्रसाद मागून आणायची, आणि हे तिने फक्त त्यांनाच सांगितलं होतं.

ते खरं बोलत होते, की मला गप्प करायला तिथल्या तिथे रचत होते, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही.